मोटारीचं नाक

मैत्रिणींनो, आज आपण ओटा आणि फडताळ सोडून जरा अंगणात जाऊ या, दाराशी उभ्या असलेल्या मोटारीपाशी. मोटार आता आपल्यातल्या पुष्कळ जणी चालवतात. मुलांना शाळेत सोडणं, सासूबाईंना दवाखान्यात नेणं, महिन्याचा किराणा, सगळं तिच्या जिवावर. पण बॉनेट उघडायची वेळ आली की आपण दोन पावलं मागं सरतो. कुकरची रिंग आणि व्हॉल्व्ह आपण बदलतो, शिलाई मशीन सोडून तेल घालतो, मिक्सरचं पातं काढतो. तेवढ्याच कसबाचं एक काम मोटारीतही आहे. ते आपल्याला माहीत नसतं म्हणून घरचे बरेच पैसे उगीच जातात.

चालकासमोरच्या तबकड्यांत इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा असतो. किल्ली फिरवली की तो लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. तो विझेनासा झाला, गाडी मात्र चालते आहे, अशी वेळ आली की घरोघरी दोनच प्रकार दिसतात. एक म्हणजे काणाडोळा. "चालतेय ना? मग चालू दे!" दुसरा म्हणजे गॅरेज. तिथून निरोप येतो, "ऑक्सिजन सेन्सर गेलेत, दोन्ही बदलावे लागतील," आणि आकडा ऐकून त्या महिन्याचं अंदाजपत्रक कोसळतं. काणाडोळाही नको आणि मुकाट्यानं मान डोलावणंही नको. आधी हा सेन्सर म्हणजे काय ते बघू.

गॅसच्या शेगडीचं तुम्हांला सांगायला नको. हवा कमी पडली की निळी ज्योत पिवळी होते आणि पातेल्याचं बूड काळं होतं. इंजिनाचंही तेच. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली तर काजळी, विषारी वायू आणि पेट्रोलची नासाडी. हवा जास्त झाली तर इंजिन आचके देतं. शेगडीपुढे आपण उभ्या असतो, ज्योत डोळ्यांनी दिसते. इंजिनाच्या पोटातली ज्योत कोण बघणार? तिथं नाकानं काम चालतं. सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. जळून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय, हे तो हुंगतो आणि गाडीतल्या कॉम्प्युटरला कळवतो. त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमीजास्त करतो, दर सेकंदाला, न कंटाळता.

दिसायला हा सेन्सर स्पार्क प्लगच्या भावंडासारखा. आत झिर्कोनियाची, म्हणजे चिनी मातीच्या जातीतली, एक छोटी टोपी असते आणि तिच्यावर प्लॅटिनमचा पातळ मुलामा. टोपीच्या एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढी तफावत, तेवढी वीज तयार होते. धुरात ऑक्सिजन शिल्लक असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास, संपला असेल तर ०.९ च्या आसपास. एवढ्याशा विजेवर सगळा कारभार! पण ही टोपी थंड असताना काहीच सांगत नाही. ती तीनशे अंशांच्या घरात तापावी लागते. ती लवकर तापावी म्हणून आत इस्त्रीसारखा एक चिमुकला हीटर असतो. बऱ्याच वेळा नाक शाबूत असतं, जातो तो हा हीटर.

मोटारीला हे नाक पहिल्यांदा मिळालं १९७६ साली. बॉशनं ते तयार केलं आणि व्होल्वोच्या गाड्यांत ते बसलं. आपल्याकडे पेट्रोलमध्ये शिसं होतं तोवर त्याचा निभाव लागणं कठीणच होतं, कारण शिसं या सेन्सरला विषासारखं. शिशाचं पेट्रोल आपल्या देशात २००० साली बंद झालं. आता साध्या पेट्रोल गाडीत दोन सेन्सर असतात. पुढचा इंजिनाजवळ, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी. मागचा कन्व्हर्टरच्या नंतर. कन्व्हर्टर म्हणजे नळीत मध्येच बसवलेला फुगीर डबा. त्यात विषारी वायूंचं बरंचसं निरुपद्रवी वायूंत रूपांतर होतं. पुढचं नाक पेट्रोलचं माप ठरवायला मदत करतं, मागचं नाक हा डबा काम करतोय की नाही यावर पहारा देतं.

काणाडोळा का नको, त्याचं उत्तर या डब्यात आहे. पुढचा सेन्सर बिघडला की कॉम्प्युटर अंदाजपंचे पेट्रोल सोडतो, आणि पोट भरावं म्हणून थोडं जास्तच सोडतो. लिटरमागे किलोमीटर कमी होतात, धुराला पेट्रोलचा वास येतो, पीयूसीला गाडी नापास होऊ शकते. शिवाय न जळलेलं पेट्रोल डब्यात जाऊन तिथं जळतं आणि डबा आतून वितळू लागतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे सोन्याच्या पंगतीतले धातू आहेत. त्याच्या किमतीपुढे सेन्सरची किंमत काहीच नाही, म्हणजे नाकापेक्षा मोती जड! दिवा नुसता न जळता लुकलुकत असेल तर मात्र गाडी फार दामटू नका. इंजिनात ठिणगी चुकत असल्याची ती खूण आहे, आणि अशा वेळी डबा फार लवकर खराब होतो.

आता "सेन्सर गेलाय" हे खरं कशावरून? आमच्या शेजारच्या वहिनींची गोष्ट सांगते. त्यांच्या गाडीचा दिवा लागला. गॅरेजनं एक सेन्सर बदलला. आठ दिवसांनी दिवा पुन्हा हजर. मग दुसरा बदलला. तरी दिवा आहेच. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी बॉनेटखालची हवेची एक रबरी नळी वाकवून दाखवली. बोटभर चीर! तिथून जादा हवा आत शिरत होती, आणि "हवा जास्त होतेय हो" असं बिचारं नाक इमानानं ओरडून सांगत होतं. खरं बोलणाऱ्यालाच दोनदा काढून टाकलं. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी गाडीला काय सांगायचंय ते वाचायचं. त्यासाठी स्कॅनर नावाचं काडेपेटीएवढं यंत्र मिळतं. साधं यंत्र हजारेक रुपयांच्या आतबाहेर येतं, चार घरांत मिळून एक घेतलं तरी पुरे. स्टिअरिंगखाली, गुडघ्यांच्या आसपास सोळा भोकांचं एक सॉकेट असतं, त्यात ते खोचायचं. मोबाइलवर त्याचं अ‍ॅप उघडलं की दोष कोणता, त्याचा क्रमांक दिसतो.

क्रमांक नीट वहीत लिहून घ्या. पी०१३५ म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटरचा दोष, पी०१४१ म्हणजे मागच्याच्या हीटरचा. या दोन्हींत सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे. पी०१३३ म्हणजे पुढचा सेन्सर सुस्त झालाय, वेळेवर उत्तर देत नाही. पी०१७१ आला तर जपून. त्याचा अर्थ मिश्रणात हवा जास्त, एवढाच. चिरलेली नळी, तुंबलेला पेट्रोल फिल्टर, बाहेरून बसवलेलं आणि नीट न जुळवलेलं सीएनजी किट, काहीही असू शकतं. पी०४२० हा कन्व्हर्टरबद्दलचा शेरा आहे, त्यासाठी मागचा सेन्सर बदलून बहुधा काहीच साधत नाही. क्रमांकापुढे "बँक १, सेन्सर २" असं दिसलं तर गोंधळू नका. आपल्या तीन-चार सिलिंडरच्या छोट्या गाड्यांत बँक एकच असते. सेन्सर १ पुढचा, सेन्सर २ मागचा.

हीटरचा दोष आला म्हणून लगेच दुकानात धावायचं नाही. दोन्ही हीटरचे दोष एकदमच आले असतील तर आधी फ्यूज बघा. दोन नाकं एकाच दिवशी चोंदत नाहीत हो! बऱ्याच गाड्यांत दोन्ही हीटरना एकाच फ्यूजमधून वीज जाते, आणि फ्यूज काही रुपयांत मिळतो. त्यानंतर वायर बघा, विशेषतः पावसाळ्यात. उंदीर बॉनेटखाली ऊब शोधत येतात आणि वायरी कुरतडतात, हे आपल्या गावांत नवं नाही. वायर तुटली असेल तर साधा वायरमनही ती जोडून देईल. फक्त ती तापलेल्या नळीला टेकणार नाही अशी बांधायला सांगा.

फ्यूज आणि वायर ठीक असतील तर सेन्सरचा प्लग सोडवून मल्टीमीटरनं हीटरच्या दोन पिनांमधला रोध मोजा. त्या पिना कोणत्या, ते गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात असतं. बऱ्याच सेन्सरवर त्या एकाच रंगाच्या दोन वायरींच्या असतात. थंड असताना रोध थोडे ओहम दाखवायला हवा. आकडाच आला नाही, म्हणजे आतली तार तुटली. आता सेन्सर खुशाल बदला.

खरेदीत दोन गोष्टी पाळा. गाडीचं मॉडेल, साल आणि जुन्या सेन्सरवरचा क्रमांक दुकानदाराला दाखवा. "हा बसतो सगळ्याला" असं कुणी म्हणालं तर पुढच्या दुकानात जा. बऱ्याच नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर अधिक वायरींचा, वेगळ्या जातीचा असतो, त्यामुळे पुढचा मागे आणि मागचा पुढे असं चालत नाही. आणि गाडी अजून वॉरंटीत असेल तर हा लेख इथंच मिटा. सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, कागदपत्रं घेऊन.

आता प्रत्यक्ष काम. सेन्सर कुठून हाताला येतो ते आधी बघा. काही गाड्यांत बॉनेट उघडलं की पुढचा सेन्सर समोरच दिसतो, तो घरी बदलता येईल. मागचा बहुधा गाडीच्या पोटाखाली असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही, तुम्ही नाही, तुमचे यजमानही नाहीत. जॅक घसरायला क्षण पुरतो. मजबूत स्टँड आणि सपाट फरशी नसेल तर मागच्या सेन्सरसाठी सेन्सर तुम्ही विकत घ्या आणि गॅरेजच्या खड्ड्यावर गाडी न्या. नुसत्या मजुरीत काम होतं, आणि आपल्या डोळ्यांदेखत होतं. यात कमीपणा काही नाही.

सेन्सरचा षट्कोन बहुधा २२ मिलिमीटरचा असतो. त्यासाठी बाजूला खाच असलेला सॉकेट मिळतो, त्या खाचेतून वायर बाहेर काढता येते. साधा उघड्या तोंडाचा पाना लावलात तर तो निसटतो आणि षट्कोनाचे कोपरे गोल होतात. आदल्या संध्याकाळी, इंजिन थंड असताना, आट्यांच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल थोडं मारून ठेवा. सकाळी गाडी बाहेर मोकळ्यावर घ्या आणि पाच मिनिटं चालू ठेवून बंद करा. बंद शटरच्या आत इंजिन चालवायचं नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस जागीच बेशुद्ध पडतं. मग अर्धा तास थांबा. नळी कोमट राहायला हवी, कारण कोमट आटे लवकर सुटतात. पण ती निवली आहे याची खात्री झाल्याशिवाय हात लावू नका. ही नळी तव्यापेक्षा जास्त तापते आणि तव्यासारखीच, तापलेली आहे हे दिसत नाही. जाड हातमोजे घाला, पदर किंवा ओढणी खोचून घ्या, बांगड्या काढून ठेवा. बॅटरीची ऋण तार सोडवा. घड्याळ आणि रेडिओ पुन्हा लावावे लागतील, तेवढं सोसा.

प्लगचा खटका दाबून वायर सोडवा. ती कुठल्या क्लिपांतून जाते त्याचा मोबाइलवर फोटो काढा, हा फोटो नंतर फार कामी येतो. मग सॉकेट घालून डावीकडे, घड्याळाच्या उलट, एकसारखा जोर लावा. हिसके देऊ नका. हलत नसेल तर पुन्हा तेल, पुन्हा थोडा वेळ. अर्धा फेरा सुटून अडला तर थोडा परत आवळून पुन्हा सोडवा, बरणीचं घट्ट झाकण आपण उघडतो तसं. तरीही हटत नसेल तर हट्ट सोडा आणि गाडी गॅरेजला न्या. सेन्सरबरोबर नळीतले आटे ओरबाडून निघाले तर काम दहापट वाढतं.

नवा सेन्सर खोक्यातून शेवटच्या क्षणी काढा. हातातून फरशीवर पडला तर तो बसवू नका. वरून धड दिसला तरी आतली टोपी तडकलेली असते. टोकाला बोट, तेल, ग्रीस काही लागता कामा नये. आट्यांवर राखाडी लेप बहुतेक वेळा कारखान्यातूनच लावलेला येतो, त्यावर आपली भर नको. सिलिकॉनचा लेप किंवा फवारा तर जवळही आणू नका, त्याच्या वाफेनं सेन्सर मरतो. पहिले चार-पाच फेरे नुसत्या बोटांनी द्या. सहज फिरला म्हणजे आटे बरोबर बसले. अडला तर काढून पुन्हा लावा. वायरचा प्लग अजून जोडायचा नाही, म्हणजे वायरला पीळ पडणार नाही. वायसर टेकल्यावर सॉकेटनं आवळा. आवळण्याचं माप साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटर असतं, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा खरा. मापाचा पाना एखाद्या ओळखीच्या मिस्त्रीकडून तासाभरासाठी मागून आणा, नाही म्हणत नाहीत. मग फोटो बघून वायर पहिल्याच वाटेनं न्या, प्लग "टक्" असा बसवा, बॅटरीची तार जोडा.

इंजिन सुरू करा आणि सेन्सरच्या बुडाशी फुसफुस ऐकू येते का ते लांबूनच ऐका. येत असेल तर इंजिन निवू द्या आणि पुन्हा आवळा. बॅटरीची तार सोडवल्यामुळे काही गाड्यांत दोष आपोआप पुसला जातो, नाहीतर स्कॅनरनं पुसा. दोष दुरुस्त न करता नुसता पुसला तर तो परत येतो, हे ओघानंच आलं. साध्या दोन वायरी हीटरच्या आणि दोन संदेशाच्या अशा जुन्या पद्धतीच्या सेन्सरवर स्कॅनरचा चालू आकडाही बघण्यासारखा असतो. गरम इंजिनात पुढच्या सेन्सरचा आकडा ०.१ आणि ०.९ च्या मध्ये झोपाळ्यासारखा हलत राहतो. मागचा आकडा जवळजवळ स्थिर असतो. मागचाही पुढच्यासारखाच झोके घेऊ लागला तर कन्व्हर्टर थकला, असं समजावं.

इथं एका प्रकाराबद्दल स्पष्ट लिहायलाच हवं. मागचा सेन्सर फसवण्याचा तुकडा बसवून देणारे, कन्व्हर्टर आतून पोकळ करून देणारे महाभाग गावोगावी भेटतात. "ताई, दिवा कायमचा बंद होईल, वर अ‍ॅव्हरेज वाढेल," असं आमच्या ओळखीतल्या एकीला सांगण्यात आलं होतं. दिवा बंद होतो, खरं आहे. धूर मात्र जसाच्या तसा बाहेर येतो. शाळा सुटताना फाटकासमोर गाड्यांची रांग लागते ना, इंजिनं चालू ठेवून? त्या गाड्यांच्या धुराच्या नळ्या पहिलीतल्या मुलांपासून किती जवळ असतात, ते एकदा उभं राहून बघा. असली सोय कायद्यालाही मान्य नाही. फुकट मिळाली तरी घेऊ नका.

काढलेला जुना सेन्सर भंगारात टाकण्याआधी त्याचं टोक उजेडात धरून बघा. फिकट तपकिरी किंवा राखी असेल तर तो आपल्या वयानं गेला, प्रश्न मिटला. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जात होतं. एअर फिल्टर किती दिवसांत बदलला नाही ते बघा, इंजेक्टर तपासून घ्या. काळं आणि तेलकट असेल तर इंजिन ऑइल जळतंय. दर रविवारी ऑइलची पट्टी बघून पातळी वहीत लिहा, म्हणजे किती जळतं ते कळेल. पांढरट, दाणेदार थर असेल तर रेडिएटरचं कूलंट आत शिरत असण्याचा संभव आहे. कूलंटच्या टाकीवर आजच खूण करून ठेवा आणि आठवड्यानं, इंजिन थंड असताना, पातळी बघा. उतरली असेल तर सेन्सरचा खर्च झाला, आता हेड गॅसकेट दाखवून घ्यायला हवं, आणि तेवढं काम मात्र आपल्या अंगणातलं नाही.